रस्ता विचारणारी

रस्ता पाठ असताना तो विचारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. धुळ्यात आमच्या वरच्या खोलीत ती अकरा महिने राहिली. लिथुआनियाहून आली होती. हे नाव आमच्या देवपुरात कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे तिला 'रशियाच्या शेजारची' म्हणत. ती दर वेळी न चिडता सांगायची, "शेजारची आहे, पण येणंजाणं नाही."

तिशीची असेल. उंच, हाडकुळी, नाकाचा शेंडा कायम उन्हानं सोललेला. अहिराणी बोलीवर पीएचडी करत होती. आधी दोन वर्षं पुण्यात मराठी शिकली. तिथं कुणीतरी तिला सांगितलं की अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी. ते ऐकून ती धुळ्याला आली. "बिघडलेली वस्तू दिसली की मला ती उघडून बघायची असते," असं तिचं म्हणणं होतं.

तिची मराठी सगळी पुस्तकातली. खोली बघायला आली तेव्हा माझ्या नवऱ्याला तिनं विचारलं, "आपल्या गृहात उष्ण जल उपलब्ध आहे काय?" नवऱ्याचं मोटारपंपाचं दुकान आहे, त्याला असल्या भाषेची सवय नाही. पण तो जराही न हसता म्हणाला, "उपलब्ध आहे." त्या दिवसापासून आमच्या घरात बंबाचं पाणी तापलं की ते उपलब्ध होतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं सायकल आणली. जुनी, काळी, दांडीची, पुरुषी सायकल. दुकानदारानं घंटी लावून दिली होती, ती तिनं घरी येऊन काढून टाकली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "घंटी वाजवली की माणसं गुपचूप बाजूला होतात. मला गुपचूप माणसं नकोत." मग ती तोंडानंच ओरडायची. सुरुवातीला म्हणायची, "कृपया बाजूस व्हावे." लोक बाजूला होण्याऐवजी बघत उभे राहायचे. तिला तेच हवं असायचं.

रोज सकाळी सातला ती फाटकातून बाहेर पडायची आणि जे वळण अजून घेतलेलं नाही ते घ्यायची. मोठ्या पुलावरून पांझरा ओलांडून जुन्या गावात, तिथल्या नंबरांच्या गल्ल्यांमधून, आग्रा रोडवरून, कधी पार मोहाडीपर्यंत. खिशात मोबाइल असायचा, पण त्यातला नकाशा तिनं कधी उघडला नाही. "हरवलेल्या माणसाशी सगळे बोलतात," ती म्हणायची. "वाट ठाऊक असलेल्याशी कोण बोलतं?" म्हणून ती मुद्दाम हरवायची. दिसेल त्याला रस्ता विचारायची, तो सांगायचा आणि ती कान देऊन ऐकायची. रस्ता नव्हे, बोलणं. तो माणूस 'सगळं' म्हणाला की 'बठ्ठं', 'आहे' म्हणाला की 'शे', हे पुढच्या कोपऱ्यावर थांबून वहीत लिहून ठेवायची.

वर खोलीत भिंतभर कागद चिकटवून तिनं स्वतःच्या हातानं धुळे काढलं होतं. 'बठ्ठं' म्हणणाऱ्या गल्ल्या लाल, 'सगळं' म्हणणाऱ्या हिरव्या, हिंदीतून 'सब' म्हणणाऱ्या निळ्या. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा सहज विचारलं, "आणि मी कुठल्या रंगाची?" तिनं बराच वेळ विचार केला. माझं माहेर वरणगावचं. फॅक्टरीच्या कॉलनीत वाढले. तिथं दारोदारी वेगळा मुलूख, त्यामुळे मी शाळेतली मराठी आणि कॉलनीतली हिंदी एवढंच बोलत आले. आता शाळेत गणित शिकवते, तिथंही तेच. हे सगळं तिला माहीत होतं. शेवटी ती म्हणाली, "तुमच्यासाठी माझ्याकडे रंग नाही." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला ते लागलं. दोन दिवस मी वर चहा नेला नाही, आणि चहा का आला नाही हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

एका संध्याकाळी पाचकंदील चौकाजवळचे एक चहावाले आबा आमचं घर शोधत आले. सायकलवाली गोरी बाई कुठे राहते हे गावात कुणीही सांगितलं असतं. आबांनी चप्पल दाराबाहेर काढली, पाणी प्यायले आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "ताई, वाईट वाटू देऊ नका. ती बाई विसरभोळी शे का? तीन येळा तिनी माले एकच रस्ता विचारा. तिले एकली सोडू नका. परका गाव शे."

मला हसू आवरेना, आणि आबांचा चेहरा बघून हसताही येईना. मी तिला खाली बोलावलं. आबांचं म्हणणं ऐकून ती एकदम लाल झाली. मग तिनं सगळं खरं सांगितलं. रस्ता तिला पाठ होता, ती फक्त त्यांचं बोलणं ऐकत होती, वहीत लिहीत होती.

"मंग माले काब्र फसाडं?" मग मला का फसवलं, असं आबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. दुकान मुलाच्या हवाली करून, एका वेड्या पोरीच्या काळजीनं एवढ्या लांब आलेला माणूस तो. उठताना म्हणाले, आधी सांगितलं असतं तर आपण जरा शुद्ध तरी बोललो असतो. ते शुद्ध बोलले असते म्हणूनच तिनं सांगितलं नव्हतं, हे त्यांना समजावणं तिला जमलं नाही.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिनं नवीन रीत सुरू केली. सायकलवरून उतरायची, नमस्कार करायची आणि म्हणायची, "मला रस्ता माहीत आहे. तरी सांगाल का?" असं विचारल्यावर कुणी तिच्याशी बोलणार नाही असं मला वाटलं होतं. पण बहुतेकांनी सांगितला. काहींनी तर हातातलं काम टाकून, कुठं खड्डा आहे, कुठल्या दारात कुत्रं आहे, इथपर्यंत सांगितला.

आता अक्कांविषयी सांगायला हवं.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही. पिंपळनेरच्या पलीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या धुळ्याला आल्या. सासरे हायस्कुलात मराठीचे शिक्षक होते. सगळे त्यांना नाना म्हणत. घरात शुद्ध बोलायचं असा नानांचा नियम होता. अक्कांच्या तोंडून गावाकडचा शब्द निघाला की नाना ताट बाजूला सारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, फक्त तो शब्द शुद्ध करून शांतपणे परत म्हणायचे. दर वेळी. मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का दिवसाला जेमतेम वीस वाक्यं बोलत असतील. भात वाढू का, दूध उतू गेलं, लाइट आली. नाना गेले तरी त्यात फरक पडला नाही. मी तेरा वर्षं समजत होते की त्यांचा स्वभावच अबोल.

एका रविवारी दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया काढायला गेले, तर वरच्या खोलीतून हसणं ऐकू आलं. कुणीतरी बाई बाजारात सुटलेल्या शेळीची गोष्ट सांगत होती. शेळीचा, शेळीवाल्याचा, भाजीवालीचा, सगळ्यांचे आवाज काढत होती. शेजारच्या कुणीतरी असतील म्हणून मी डोकावले. अक्का खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. पदर डोक्यावरून खाली आला होता. आणि ती पोरगी जमिनीवर लोळून हसत होती.

मला आधी हसू आलं. मग वाईट वाटलं. आणि मग, खरं सांगते, राग आला. तेरा वर्षं मी या बाईच्या मांडीला मांडी लावून गहू निवडले, मला कधी शेळी ऐकू आली नव्हती. त्यातून अर्धीअधिक गोष्ट मला कळलीच नाही. कुरडया घेऊन मी खाली आले.

पुढं केव्हातरी मी तिला विचारलं, अक्कांना बोलतं कसं केलंस? तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाली, अक्का स्वयंपाकघराचं दार लोटून बहिणीशी फोनवर बोलायच्या, ते तिनं जिन्यावरून ऐकलं होतं. "माझे वडील बस चालवतात," ती म्हणाली. "आमच्या शहरात ते शहरासारखं बोलतात. फोनवर आपल्या आईशी वेगळं बोलायचे. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. फोनवरचे वडील मला जास्त आवडायचे." एवढंच सांगितलं आणि पंक्चर काढायला बसली. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधू लागली.

थंडीच्या दिवसांत एकदा अक्कांनीच तिला विचारलं, "तू रोज कथा जास?" कुठं जातेस तू रोज. ती म्हणाली, "चला, दाखवते."

मी तिथंच होते. सत्तरीच्या बाईनं कॅरिअरवर बसून गावात फिरायचं, याला मी नको म्हणायला हवं होतं. पण अक्का ज्या घाईनं लुगड्याचा काष्टा सारखा करायला आत गेल्या, ते पाहून मी गोधडीची चौघडी करून कॅरिअरवर बांधून दिली. रविवारी सकाळी नवरा दुकानाचा माल आणायला जातो, त्याला सांगायचं नाही हे आम्ही तिघींनी न बोलताच ठरवलं.

अठ्ठेचाळीस वर्षं धुळ्यात राहून अक्कांनी घर, एकवीरेचं देऊळ, बाजार आणि दवाखाना एवढंच पाहिलं होतं. त्या पाच-सहा रविवारांत त्यांनी बाकीचं गाव पाहिलं. शहराला पाणी पुरवणारा नकाणे तलाव पाहून आल्या तेव्हा दिवसभर नळाकडे बघून स्वतःशी हसत होत्या. इतकी वर्षं हंडे भरले, ते पाणी येतं कुठून हे त्यांना त्या दिवशी दिसलं. चढ लागला की उतरून चालायच्या, उतार आला की परत बसायच्या. एकदा ती त्यांना नाना शिकवायचे त्या शाळेपाशी घेऊन गेली. ती शाळा अक्कांनी कधी पाहिलीच नव्हती. फाटकाच्या गजांतून त्यांनी बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाल्या, "हाई इतलीच शे?"

हे मला नंतर त्या पोरीनं सांगितलं. सांगताना हसली नाही. मीही हसले नाही.

सहाव्या की सातव्या रविवारी पुलाच्या उतारावर गाय आडवी आली. तिनं ब्रेक दाबला. सायकल थांबली, अक्का थांबल्या नाहीत. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. त्या पोरीनं त्यांना रिक्षात घालून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं, मला तिथून फोन केला. दुपारी प्लास्टर घालून आम्ही घरी आलो तेव्हा नवरा येऊन बसला होता. गल्लीतून त्याला सगळं कळलं होतं.

माझा नवरा आवाज चढवणारा माणूस नाही. बापाचा गुण. तिला म्हणाला, "महिनाअखेर खोली रिकामी करा." ती दाराशी उभी होती. ओढणीला धूळ, हात काळे. म्हणाली, "हो." दुसरं काही नाही. गाईचं नाव नाही, अक्कांचं नाव नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

मी म्हणाले, "नाही."

गोधडी अजून कॅरिअरवर बांधलेली होती. खिडकीतून दिसत होती. त्या पोरीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिनं माझं खोटं उघडं पाडलं नाही. आजवर मी अनेकदा खोटं बोलले असेन, पण दुसऱ्याच्या अंगावर टाकून बोललेलं ते एकच आठवतं.

तेवढ्यात खाटेवरून अक्का बोलल्या. "मना हात मोडना. तुनं काय मोडनं?"

हात माझा मोडला, तुझं काय मोडलं. नवरा दचकला. घरात, मोठ्यानं, मुलाच्या तोंडावर त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. आणि मग त्या थांबल्या नाहीत. सगळं मला कळलं असं नाही. जे कळलं ते असं, की आजवर मला जो तो इथून उचलून तिथं ठेवत आला, माहेरातून इथं, इथून दवाखान्यात. कुठं जायचं आहे असं कुणी विचारलं नाही. नानांनी नाही, तू नाही. हिनं विचारलं. आणि ही जाणार असेल तर मीही गावाला बहिणीकडे जाते, एका हातानं काय ते गाठोडं बांधीन. शेवटी माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, गोधडी कोणी बांधली तेही विचार.

नवरा खाटेपाशी जाऊन उकिडवा बसला. त्यानं प्लास्टरच्या हाताला हात लावला आणि म्हणाला, "तसं नही, माय."

आम्ही घरात आई म्हणतो. 'माय' हा शब्द त्याला येतो हे मला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत होतं की नाही कोण जाणे.

ती राहिली. तिचे तीन महिने उरले होते, ते तिनं पुरे केले. दोन दिवसांनी मी वर गेले. माफी मागायची तर कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून मी नुसतीच उभी राहिले. ती वही लिहीत होती. दिवसभरात कानावर पडलेलं बोलणं ती टिपून ठेवायची, कोण कुणाला काय म्हणालं, कुठल्या सुरात. तिनं वही मिटली. "त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात," ती म्हणाली, "ते मी लिहिलेलं नाही." आणि मला बसायला खुर्ची पुढं केली. त्याहून चांगली माफी मला कुणी दिलेली नाही.

ती कमालीची प्रेमळ होती असं मात्र नाही. निघायच्या दिवशी अक्कांनी तिची अलाबला घेतली, कडाकडा बोटं मोडली, तर ही त्याला काय म्हणतात, डाव्या हातानं चालतं का, विधवा बाईनं केलं तर चालतं का, हेच विचारत बसली. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. माझा निरोप घ्यायचा ती विसरली. रिक्षा कोपऱ्यावर वळल्यावर तिला आठवलं असावं, कारण एक हात बाहेर आला आणि हलला.

अक्कांचं मनगट जरा वाकडं बसलं. भाकरी आता त्यांना थापता येत नाही, मी थापते. आणि त्या समोर बसून बोलतात. माझी भाकरी कशी फाटते, शेजारणीची सून कशी चालते, नाना कसे घोरायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मला वाटलं होतं, माणूस बोलायला लागलं की घर गोड होतं. तसं काही नसतं. कधीकधी शाळेतून दमून आले की मला त्या जुन्या, वीस वाक्यांच्या अक्का हव्याशा वाटतात, आणि असं वाटल्याची लाजही वाटते.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या बहिणीकडे जायला आम्ही दोघी एसटीनं निघालो. साक्रीला गाडी बदलली. पुढच्या गाडीत अक्कांच्या शेजारी एक बाई येऊन बसली, मांडीवर मेथीच्या जुड्या. दोघी पाच मिनिटांत अशा बोलू लागल्या की मला वाटलं जुनी ओळख असावी. मी खिडकीशी बसून ऐकत होते. चार शब्द कळत होते, दोन सुटत होते. त्या बाईनं माझ्याकडे हनुवटी करून विचारलं, "हाई कोन शे?"

अक्का म्हणाल्या, "मनी आंडेर शे."

त्या बाईनं माझ्याकडे नीट बघितलं, मान डोलावली आणि दोघी परत मेथीच्या भावावर आल्या. शब्द मला ऐकल्यासारखा वाटला, पण अर्थ नक्की लागेना. आंडेर म्हणजे सूनच असणार, दुसरी मी कोण? अक्कांना विचारायला संकोच वाटला. मोबाइल काढला. दीड वर्षांत तिच्याशी बोलणं झालं नव्हतं. खुशाली वगैरे काही न विचारता मी सरळ लिहिलं, "आंडेर म्हणजे सून ना?"

उत्तर दोन मिनिटांत आलं. "मुलगी. पोटची मुलगी. सुनेला शब्द वेगळा आहे. कोण म्हणालं? कुणाला उद्देशून? वय किती? माहेरचं गाव कोणतं? आवाज रेकॉर्ड केला का?"

मी पहिल्या शब्दापाशी थांबले. तिचे बाकीचे प्रश्न मी पिंपळनेर येईपर्यंत वाचले नाहीत.